कॅलिपर आणि रोम यांच्या मधली वर्षे

पोलिओने पाय अधू झालेली एक मुलगी पुढे ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकते, ही विल्मा रुडॉल्फची गोष्ट आम्ही प्रवचनांतून किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. शाळेच्या क्रीडादिनी सांगितली, रुग्णदिनाच्या मिस्सात सांगितली. श्रोत्यांचे डोळे पाणावत आणि आपले प्रवचन आज बरे जमले, असे आम्हांलाही वाटे. गेल्या पावसाळ्यात तिचे १९७७ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र सावकाशीने वाचले, तेव्हा ध्यानात आले की आम्ही कथेची दोन टोके तेवढी सांगत होतो. मधली वर्षे गाळत होतो. आणि त्यांतला एक भाग तर आम्ही सोयीने गाळत होतो, हे कबूल केले पाहिजे.

बालपणाचा वृत्तान्त बहुतेकांना ठाऊक आहे. २३ जून १९४० रोजी अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, क्लार्क्सव्हिलजवळ, तिचा जन्म झाला. वडिलांच्या दोन विवाहांतून झालेल्या बावीस मुलांपैकी ती विसावी. वडील रेल्वेत हमाल, आई गोऱ्यांच्या घरी मोलकरीण. न्यूमोनिया, स्कार्लेट ज्वर आणि पोलिओ यांनी लहानपणीच गाठले व डाव्या पायाला कॅलिपर आला. कृष्णवर्णीयांवर उपचार करणारे मेहॅरी रुग्णालय नॅशव्हिलला, सुमारे ऐंशी किलोमीटरांवर. आई तिला घेऊन बसने दर आठवड्याला तेथे जाई आणि बसमध्ये मागच्या बाजूस बसे. घरी भावंडे पाळीपाळीने तिचा पाय चोळीत. बाराव्या वर्षापर्यंत ती आधाराशिवाय चालू लागली होती. ह्यात चमत्कार असेल तर तो आईच्या आणि भावंडांच्या हातांचा होता.

आमच्या प्रवचनात यानंतर थेट रोम येत असे.

वास्तविक यानंतर आले हायस्कूल आणि बास्केटबॉल. तिची चुळबूळ पाहून प्रशिक्षक क्लिंटन ग्रे यांनी तिला 'स्कीटर', म्हणजे डास, असे नाव ठेवले. एका सामन्यात पंच म्हणून आलेल्या एड टेंपल यांनी तिला हेरले. टेंपल हे नॅशव्हिलच्या टेनेसी राज्य विद्यापीठातील मुलींच्या धावण्याच्या संघाचे प्रशिक्षक. हे विद्यापीठ कृष्णवर्णीयांसाठी १९१२ साली सुरू झाले होते. संघाला 'टायगरबेल्स' म्हणत. नाव दिमाखदार, साधने मात्र बेताची. ट्रॅक मातीचा, तोही धड पूर्ण नव्हता. मुलींना शिष्यवृत्ती मिळे, पण तिच्या बदल्यात रोज दोन तास विद्यापीठात काम करावे लागे. स्पर्धेला जायचे तर टेंपल स्वतः गाडी हाकीत. वाटेतील उपाहारगृहांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, म्हणून मुली खाण्याची शिदोरी सोबत घेत आणि इतर गरजांसाठी गाडी शेताच्या कडेला थांबे.

याच सुमारास अॅलाबामातील टस्कीगी येथे एक मोठी स्पर्धा झाली. तेथे विल्मा धावलेली प्रत्येक शर्यत हरली. आजवर नुसत्या अंगच्या वेगावर जिंकत आलेल्या मुलीला त्या दिवशी कळले की धावणे हीदेखील एक विद्या आहे. टेंपल यांच्या उन्हाळी शिबिरात ती ही विद्या शिकली. मैलोगणती धावणे, सुटताना शरीराचा कोन, श्वास, बॅटन देण्याघेण्याचा सराव असे सारे तेथे होते. उशिरा येणाऱ्या मुलीने जितकी मिनिटे उशीर तितक्या फेऱ्या मारायच्या, असा दंडक. एकदा विल्मा अर्धा तास उशिरा आली आणि तीस फेऱ्या धावली. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधीच हजर होती, असे सांगतात. सेमिनरीत पहाटेच्या घंटेला उशीर झाला की आम्हांलाही प्रायश्चित्त मिळे, परंतु त्याचा असा गुण आमच्यात उतरल्याचे स्मरत नाही.

१९५६ साली, सोळाव्या वर्षी, ती मेलबर्न ऑलिम्पिकला गेली. दोनशे मीटरमध्ये प्राथमिक फेरीतच बाद झाली. चार बाय शंभर मीटर रिलेत मे फॅग्ज, मार्गारेट मॅथ्यूज आणि इझाबेल डॅनियल्स यांच्यासह कांस्यपदक मिळाले. चौघीही टेंपल यांच्याच शिष्या.

आता तो गाळलेला भाग. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात ती गरोदर राहिली. विवाह झालेला नव्हता. १९५८ च्या जुलैत, शाळा संपल्यावर काही आठवड्यांतच, योलांडा ही मुलगी जन्मली. माता झालेल्या मुलीस संघात घ्यायचे नाही, असा टेंपल यांचा नियम होता. त्यांनी तो नियम विल्मासाठी बाजूला ठेवला. घरच्यांनीही पाठ फिरवली नाही. बाळ काही काळ सेंट लुईसला मोठ्या बहिणीकडे राहिले, नंतर आजीने सांभाळले. त्याच सप्टेंबरात विल्मा विद्यापीठात दाखल झाली.

हा भाग आम्ही मुलांसमोर का सांगत नव्हतो हे उघड आहे. पण मोठ्यांसमोर तरी का सांगितला नाही? अशी मुलगी आमच्या धर्मग्रामांत कधी नव्हती असे नाही. घाईने लग्न लावून दिलेले किंवा दूरच्या मावशीकडे धाडलेले आम्ही पाहिले आहे. तिच्या शिक्षणाचे पुढे काय झाले, ते आम्ही फारसे विचारले नाही. टेंपल हे कडक शिस्तीचे गृहस्थ होते, हे येथे विसरू नये. एका मिनिटाच्या उशिराला ज्यांनी एक फेरी लावली, त्याच माणसाने हा नियम मोडला.

महाविद्यालयातील पहिली दोन वर्षे सरळ गेली नाहीत. १९५९ मध्ये शिकागोच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत शंभर मीटरमध्ये ती दुसरी आली. पहिली आली तिचीच संघसोबतीण लुसिंडा विल्यम्स. १९६० च्या फेब्रुवारीपासून नॅशव्हिलचे कृष्णवर्णीय विद्यार्थी, तिच्या विद्यापीठातलेही, दुकानांतील गोऱ्यांसाठी राखलेल्या जेवणाच्या जागांवर निमूटपणे बसू लागले. मार खाऊ लागले, तुरुंगात जाऊ लागले. मे महिन्यात त्या जागा सर्वांना खुल्या होऊ लागल्या. पुढच्याच जुलैत, टेक्सासमधील कॉर्पस क्रिस्टी येथे, विल्माने दोनशे मीटर अंतर २२.९ सेकंदांत कापले. तेवीस सेकंदांच्या आत येणारी ती जगातील पहिली स्त्री.

रोमचा वृत्तान्त थोडक्यात देतो, तो सर्वश्रुतच आहे. शर्यतीच्या आदल्या दिवशी घोटा मुरगळला, तरी शंभर मीटर ११ सेकंदांत. वारा पाठीशी असल्याने विक्रम धरला गेला नाही. दोनशे मीटर २४ सेकंदांत. रिलेत बॅटन घेताना गोंधळ झाला, तरी सुवर्ण. ह्याही वेळी मार्था हडसन, बार्बरा जोन्स, लुसिंडा आणि विल्मा या चौघी एकाच विद्यापीठाच्या. पैकी बार्बरा ही मूळची शिकागोच्या कॅथलिक युवक संघटनेची धावपटू. पंधरा वर्षांची असताना १९५२ साली हेलसिंकी येथे तिने रिलेचे सुवर्ण मिळवले होते. त्याच हेलसिंकीत आपल्या वांद्र्याची मेरी डिसोझा भारतातर्फे शंभर व दोनशे मीटर धावली होती, हे आमच्या वाचकांस सांगितलेच पाहिजे.

विल्मा परतली तेव्हा क्लार्क्सव्हिल नगराने सत्कार योजिला. गोरे आणि काळे वेगळे बसणार असतील तर आपण येणार नाही, असे तिने कळवले. ४ ऑक्टोबर १९६० रोजी मिरवणूक निघाली आणि मेजवानीला दोन्ही वर्णांचे लोक त्या गावात प्रथमच एकत्र बसले. मग ती नॅशव्हिलला परत गेली, कारण पदवी अद्याप व्हायची होती. टेंपल यांच्या हाताखालून चाळीस खेळाडू ऑलिम्पिकला गेल्या. त्यांपैकी ३९ जणी पदवीधर झाल्या. विल्माने १९६२ मध्ये स्पर्धा सोडल्या आणि १९६३ मध्ये शिक्षणशास्त्राची पदवी घेतली. योलांडाला त्या जुलैत पाच वर्षे पूर्ण झाली.