हरणाची रायफल

हरणाची रायफल : माग काढत, वाऱ्याची दिशा सांभाळत, पायी किंवा सरपटत सावजाच्या टप्प्यात जाऊन एकाच गोळीत त्याला टिपता यावे म्हणून घडवलेली हलकी शिकारी रायफल. तिचा उगम स्कॉटलंडच्या उघड्या डोंगरांवरचा. भारतात ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज अधिकाऱ्यांच्या सामानातून आली आणि लवकरच संस्थानिकांच्या शस्त्रागारांत स्थिरावली. मुंबईलगतच्या साष्टी बेटावर, म्हणजे आज जिथे आरे कॉलनी, विहार तलाव आणि राष्ट्रीय उद्यान आहे त्या टेकड्यांत, तिला फारसा वाव नव्हता. महाराष्ट्रातले तिचे खरे क्षेत्र दख्खनचे माळरान.

‘हरीण’ हा शब्द मराठीत सैल वापरला जातो. दरवर्षी शिंगे गळणारे चितळ, सांबर, भेकर आणि कायमची शिंगे असणारे काळवीट, चिंकारा, चौशिंगा ही दोन वेगळी कुळे; बोलीत सगळीच हरणे. विलायती कारागिरांनी ही रायफल पहिल्या कुळासाठी बनवली, महाराष्ट्रात ती शोभली दुसऱ्या कुळाच्या मागावर. ही नोंद बोलीतला अर्थ धरून लिहिली आहे.

घडण

पहिला निकष वजनाचा. रिकामी रायफल साधारण ३ ते ३.५ किलोग्रॅमची असावी. त्याहून जड असेल तर तीन-चार तासांच्या चढणीनंतर हात थरथरतो. फार हलकी असेल तर बार काढताना खांद्याला हिसका बसतो आणि नळी नेमावर ठरत नाही. वाघ-रानगव्याच्या बंदुकीचे वजन जनावराकडे पाहून ठरवतात, हरणाच्या रायफलीचे शिकाऱ्याच्या पायांकडे पाहून. तोल दोन्ही हातांच्या मध्ये यावा आणि पट्टा असा लागावा की सरपटताना नळीचे तोंड मातीत जाणार नाही.

नळीच्या आतल्या भिंतीवर सर्पिल आटे पाडलेले असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते. आटे असलेली ती रायफल, नसलेली ती नुसती बंदूक. वर्तमानपत्रे हा भेद पाळत नाहीत. गोळी जितकी लांब व सडपातळ, तितका आट्यांचा फेरा आवळ लागतो. ७×५७ मिमी माउझर या काडतुसासाठी २२० मिमी लांबीत एक पूर्ण फेरा हे प्रमाण ठरलेले आहे.

दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. मनगटाजवळ, जिथे तो सर्वांत बारीक असतो तिथे, लाकडाच्या रेषा सरळ धावायला हव्यात; आडव्या गेल्या तर दस्ता तिथेच तडकतो. पारख नसलेला गिऱ्हाईक मागच्या भागातली नक्षीदार वीण पाहून भुलतो. ऑस्ट्रियाच्या मानलिखर-शोनावर (१९०३) रायफलीचा दस्ता थेट नळीच्या तोंडापर्यंत जातो. ती दिसायला अतिशय देखणी, पण दमट हवेत लाकूड फुगते, नळीला रेटा देते आणि नेम सरकतो. कोकणपट्टीच्या हवेत हा दोष दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

नेम धरण्यासाठी समोर माशी आणि मागे खाच असलेली पाती. शंभर यार्डांची पाती पक्की बसवलेली, दोनशेची घडीची. जुन्या पद्धतीत दुर्बीण रायफलीवर नसे. स्कॉटलंडात सोबतचा माहीतगार सुटी नळकांडी दुर्बीण बाळगत असे आणि सावज निवडणे हे त्याचेच काम असे. शिकाऱ्याने फक्त चाप ओढायचा. रायफलीवर चढवलेली दुर्बीण विसाव्या शतकात रूढ झाली.

यंत्रणेचे तीन प्रकार. फारकर्सन (पेटंट १८७२) ही एकबारी : ठोकळा खाली सरकून नळीचे मागचे तोंड उघडते. दुनळी : दोन नळ्या, दोन चाप, दुसरा बार तत्काळ. आणि १८९८ च्या माउझर नमुन्यावरची बोल्टची रायफल, पोटात पाच काडतुसे. दुनळी बरी की बोल्ट, यावर शिकारी मंडळींनी भरपूर शाई खर्च केली आहे. हरणापुरते बोलायचे तर दुनळीची किंमत वसूल होत नाही. पहिला बार चुकला तर कळप क्षणात नाहीसा होतो. दुसरी नळी भरलेली असली काय आणि नसली काय. सेफ्टीचा खटका मात्र कोणत्याही प्रकारात आवाज न होता सरकला पाहिजे. वाऱ्याने न उधळलेला कळप त्या एका ‘टक्’ आवाजाने उधळतो.

काडतूस

काळ्या दारूच्या काळात हलकी गोळी आणि दारूचा मोठा भार या सूत्रावर ‘एक्स्प्रेस’ रायफली निघाल्या. हे नाव लंडनच्या जेम्स पर्डी यांनी १८५६ मध्ये आगगाडीवरून घेतले. गोळीचा मार्ग त्यामुळे बराच सपाट झाला आणि दीडशे यार्डांपर्यंत पाती न बदलता नेम धरता येऊ लागला. धुराची अडचण राहिली : बार काढल्यावर सावज पडले की पळाले, हे धूर विरल्यावरच दिसे. फ्रान्सच्या लष्कराने १८८६ मध्ये बिनधुराच्या दारूची लेबेल रायफल स्वीकारली, तेव्हापासून नळीचा व्यास झपाट्याने उतरला. अर्ध्या इंचाच्या जागी पाव इंचाच्या आसपासची गोळी आली आणि आज जिला ‘पारंपरिक’ म्हणतात ती रायफल तयार झाली. परंपरेचे वय, थोडक्यात, सव्वाशे वर्षे.

वर आलेले ७×५७ मिमी काडतूस लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने .२७५ या नावाने विकले. सुमारे ९ ग्रॅमची गोळी आणि सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास वेग : चितळ-काळविटाला पुरून उरणारे, खांद्याला न दुखवणारे. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यानंतर जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रायफल याच काडतुसाची. हरणासाठी योग्य मानलेल्या रायफलीने त्यांनी नरभक्षकांवरही बार टाकले; इतरांनी ते अनुकरणीय मानावे का, याविषयी शिकाऱ्यांत एकमत नाही.

हिंदुस्थानात कोणत्या मापाची रायफल मिळेल, हे शिकारीपेक्षा सरकारच्या भीतीने अधिक ठरवले. लष्करी काडतूस बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० मापाच्या रायफलींच्या आयातीवर बंदी आली; त्यामुळेच विलायती कारखान्यांनी .४६५, .४७०, .४७५ अशी जवळजवळ सारखीच मापे काढली. लष्कराचे .३०३ हेही खाजगी परवान्यावर निषिद्ध राहिले. त्या जागी बंगालमधल्या ईशापूर येथील सरकारी कारखान्याची .३१५ मापाची बोल्टची रायफल आली. स्वातंत्र्यानंतर परवानाधारकाला परवडणारी देशी रायफल म्हणजे बहुधा हीच. ती जड आणि ओबडधोबड असली तरी टिकाऊ आहे.

तुलनेसाठी : स्कॉटलंडच्या १९८५ च्या नियमांनुसार मोठ्या हरणासाठी गोळी किमान १०० ग्रेन (६.५ ग्रॅम) वजनाची (ही अट २०२३ मध्ये शिथिल झाली) आणि तिचा वेग सेकंदाला किमान २,४५० फूट असावा लागतो. जखमी जनावर रानात तडफडत राहू नये हा त्यामागचा हेतू. भारतीय कायद्याला असा किमान दर्जा ठरवायची वेळ आली नाही. त्याने शिकारच थांबवली.

साष्टी व आरे

साष्टीच्या टेकड्यांत चितळ, सांबर, भेकर, चौशिंगा आणि सशाएवढी पिसोरी ही सारी मंडळी होती आणि आहेत. विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे तलाव झाल्यावर त्यांच्या पाणलोटातले जंगल राखले गेले. १९२९ मध्ये विहार तलावाजवळ वाघ मारला गेल्याची गोष्ट वारंवार छापली जाते. एवढे सावज असताना रायफलीला वाव का नव्हता? कारण नजरेचा पल्ला. साग, ऐन, बांबू आणि करवंदीच्या जाळ्यांच्या या रानात चाळीस पावलांपलीकडचे जनावर क्वचितच दिसते. दोनशे यार्डांची पाती तिथे शोभेची. शिवाय फांदीला घासलेली वेगवान, हलकी गोळी वाट बदलते, आणि चुकलेली गोळी पुढे मैलभर जाते; टेकडीच्या पायथ्याशी वस्ती असताना हा विचार करावाच लागे.

म्हणून इथले हत्यार बारा बोअरची दुनळी बंदूक. एका नळीत पाखरांसाठी बारीक छर्रे, दुसरीत ‘एलजी’, म्हणजे बोटांवर मोजता येतील इतके जाड छर्रे. शिकारीची रीतही दबकत जाण्याची नसून हाक्याची किंवा पाणवठ्यावरच्या मचाणाची. मधला मार्ग काढला होता तो हॉलंड अँड हॉलंड कंपनीच्या ‘पॅराडॉक्स’ बंदुकीने (१८८५ नंतर) : नळी गुळगुळीत, फक्त तोंडाशी काही इंच आटे. छर्रे आणि जड गोळी दोन्ही तिच्यातून नीट जातात. ही कल्पना बंगालच्या सैन्यातले अधिकारी जॉर्ज फॉसबेरी यांची. आरेसारख्या रानासाठी याहून योग्य शस्त्र निघाले नाही.

मुंबईच्या शिकाऱ्यांची आणखी एक नोंद आवश्यक. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुरुवातीच्या सभासदांत शिकारीचा शौक असलेले पुष्कळ होते. प्राणिशास्त्र आणि मृगया यांच्यातली भिंत तेव्हा पातळ होती. सालिम अली या संस्थेपर्यंत पोचले ते छऱ्याच्या हवाई बंदुकीने लहानपणी पाडलेल्या, पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख विचारायला. त्याच संस्थेचे निसर्गशिक्षण केंद्र आज गोरेगावला, फिल्मसिटीच्या शेजारी आहे.

आरे दुग्ध वसाहत १९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने उभी राहू लागली. १९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. म्हशींचे तबेले, गवताची कुरणे आणि रस्ते आल्यावर इथे बंदुकीची शिकार उरण्याचे कारण नव्हते. या हद्दीत रायफल आता दिसते ती राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांच्या हातात.

पाडे : आरेतल्या वारली, कोकणा, मल्हार कोळी पाड्यांवरची जुनी साधने तिरकमठा, बेचकी व फास.

दख्खनचे माळ

काळवीट उघड्या माळावर राहते, लांबून पाहते आणि नजरेवर भरवसा ठेवते. स्कॉटलंडच्या डोंगराशी जुळणारे असे इथे हेच. पुणे, नगर, सोलापूरच्या माळांवर रायफलवाल्याची खरी कसोटी लागे. आडोसा नसल्यामुळे बैलगाडी हाच आडोसा : शेतकऱ्याच्या गाडीला काळवीट बुजत नाही, म्हणून गाडी गोल फेऱ्या घालत टप्प्यात आणायची आणि चालत्या गाडीआडून खाली उतरून नेम धरायचा. ही युक्ती साहेबांची नव्हे. पारधी समाजातले गायपारधी शिकवलेल्या गाईच्या आडून हरणाजवळ जात, फासेपारधी कळपाच्या वाटेवर फासे मांडत. गोळी आणि आवाज दोन्हींशिवाय. याच समाजांना १८७१ च्या कायद्याच्या परंपरेत गुन्हेगार जमाती ठरवले गेले. कोल्हापूर दरबारात काळविटावर चित्ते सोडण्याची पद्धत विसाव्या शतकातही चालू होती. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून नेत, आणि पुढे देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर आफ्रिकेतून आणले गेले. या तीन पद्धतींशेजारी रायफल ठेवली तर नवीन एवढेच की जवळ जाण्याचे शेवटचे शंभर-दीडशे यार्ड वाचले.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० पासून काळविटांचे अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम २ चौ. किमी.

सांभाळ

जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाल्यावर नळीत मिठाच्या जातीचा क्षार राहतो, तो हवेतले पाणी ओढतो आणि मुंबईच्या हवेत एका रात्रीत आट्यांवर गंज धरतो. नुसते तेल फिरवून हा क्षार जात नाही, कारण तो तेलात विरघळत नाही. आधी नळीत कढत पाणी ओतायचे, मग गजाला चिंधी गुंडाळून कोरडे करायचे, तेल शेवटी. जुनी रायफल पाहताना दस्त्यावरचे चांदीकाम नंतर पाहावे. आधी नळी उजेडाकडे धरून आटे पाहावेत. मुंबईत राहिलेल्या रायफली तिथेच ओळखू येतात.

कायदा

१८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपीयांना मोकळे ठेवले. ‘हरणाची रायफल’ साहेब व संस्थानिक यांच्यापुरती राहिली त्याचे हे साधे कारण. सध्याचा शस्त्र कायदा १९५९ चा. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा कायदा केला. १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव कायद्याने शिकार बहुतांशी बंद झाली आणि १९९१ च्या दुरुस्तीने शौकाच्या शिकारीचे परवानेही गेले. परवान्यावरची बंदूक महाराष्ट्रात आज सर्वांत ठळक दिसते ती सिंधुदुर्ग-रत्नागिरीत, शेतीसंरक्षणाच्या नावाने. बहुतेक ठासणीची किंवा एकनळी. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते आणि माकडे-रानडुकरे बागायतीत मोकळी सुटतात, ही तिथली कायमची तक्रार.



सद्यस्थिती

आरेच्या सुमारे ८०० एकरांना राखीव वन करण्याचा निर्णय २०२० मध्ये झाला. तिथे आता चोरटी शिकार होते ती तारेच्या फाशाने. रानडुकरासाठी लावलेल्या अशा फाशात फिल्मसिटी-आरे परिसरात बिबट्याही सापडला आहे. वस्तीत शिरलेल्या बिबट्यासाठी राष्ट्रीय उद्यानाचे बचाव पथक येते, त्यांच्याकडे भुलीची बंदूक असते. वायूच्या दाबावर ती औषध भरलेली सुई फेकते, आणि परिणामकारक टप्पा वीस-तीस मीटरच असल्याने पथकाला दबकत जवळ जावे लागते. या बंदुकीच्या नळीत सहसा आटे नसतात. बातम्यांत तिला रायफल म्हणतात ते चूक आहे.