लाव्याचा रस्सा कुणाच्या ताटात?

आमच्या चिखलीकडे जुनी माणसं रानातल्या मटणाबद्दल बोलतात तेव्हा आवाज जरा खाली घेतात. साहजिक आहे. लावा, तित्तर, ससा, हरीण, रानडुक्कर, यातलं काहीही आज मारून घरी शिजवलं तर गुन्हा आहे.

एके काळी हीच गोष्ट पोथ्यांमध्ये थाटात लिहिली जायची. ‘चरकसंहिता’ हरणांमध्ये काळविटाचं, पक्ष्यांमध्ये लाव्याचं आणि बिळात राहणाऱ्यांमध्ये घोरपडीचं मांस श्रेष्ठ मानते. तिथला ‘लाव’ आणि आपला लावा एकच. बाराव्या शतकातला चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त तर रानडुकराचे केस काढायच्या दोन रीती आहेत: उकळतं पाणी ओतून किंवा गवताच्या जाळावर भाजून. शेतात आणि नदीकाठी मिळणाऱ्या काळ्या उंदरांची पाककृतीही आहे. राजाला उंदीर चालायचे. आज उंदीर खाणाऱ्याला आपण नावं ठेवतो.

रानातलं मांस शिजवणं सोपं नसतं. जनावर आयुष्यभर पळतं, त्यामुळे चरबी कमी आणि स्नायू चिवट. मोठ्या आचेवर घातलं की चामडं होतं. त्याला मंद आच, भरपूर वेळ, वरून तेल आणि दह्यासारखं काहीतरी आंबट लागतं. लाव्याचं उलट. मूठभर पक्षी, झटकन शिजतो. जरा जास्त वेळ ठेवला की कोरडा पडतो.

वऱ्हाडात हे मांस आणणारे लोक म्हणजे फासेपारधी. माळावर फासे लावायचे आणि गाईच्या आडोशाने हळूहळू पुढे सरकत पाखरांना त्या दिशेने न्यायचं. पाखरू गाईला घाबरत नाही. यावरूनच त्यांच्यातल्या काहींना गायपारधी म्हणतात. कुठल्या गवतात कोण लपतं, अंडी कधी घालतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ.

साहेब आणि संस्थानिकही शिकार करायचेच. त्यांचे मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेले फोटो दिवाणखान्यात लागले. पारध्यांना मात्र इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या यादीत पुढे टाकलं. पोलिसांकडे रोज हजेरी. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात १९१८ साली ही हजेरी बंद केली आणि पारध्यांना कामं दिली. बाकीच्यांना ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत थांबावं लागलं.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही सुरुवातीला परवाना काढून काही प्राणी मारता यायचे. १९९१ च्या दुरुस्तीने ती सोयही गेली. हा कायदा हवाच होता, असं माझं स्पष्ट मत आहे. चित्ता आधीच संपला होता, माळढोक संपायच्या वाटेवर आहे. पण बंदूकवाल्यांचा यात फक्त छंद गेला. पारध्याच्या घरात त्या दिवसापासून काय शिजणार, याचं उत्तर कायद्यात नव्हतं.

इकडे रोही आणि रानडुकरं शेतात घुसतात, सोयाबीन-हरभऱ्याची नासाडी करतात. रीतसर परवानगीने डुक्कर मारलं तरी ते सरकारी मालमत्ता ठरतं. शेतकऱ्याचं पीक जातं आणि त्या डुकराचा रस्साही होत नाही. हॉटेलात ‘बटेर’ म्हणून येतो तो बहुतेक जपानी लावा. हा पक्षी १९७४ साली कॅलिफोर्नियातून बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणला गेला. पिंजऱ्यात वाढतो, त्यामुळे मऊ.

सोमेश्वराच्या मुदपाकखान्यातली कृती नऊशे वर्षांनंतरही वाचता येते. पारधी बाई तीन दगडांच्या चुलीवर तित्तर कसं शिजवायची, हे मला कुठल्याच पाककृतीच्या पुस्तकात सापडलं नाही. ते येणाऱ्या बायका आज म्हाताऱ्या झाल्यात. आणि ‘तुम्ही काय काय मारून खायचात?’ असं त्यांच्या पालावर जाऊन विचारणारा माणूस आजवर बहुधा पोलीसच होता.