विन > < विन

रिमिनी प्रोटोकोल या जर्मन नाट्यसमूहाची जेलीफिश आणि माणूस यांच्या भवितव्यावरची कलाकृती. बार्सिलोनाच्या समकालीन संस्कृती केंद्रात २०१७ मध्ये भरलेल्या ‘आफ्टर द एंड ऑफ द वर्ल्ड’ या प्रदर्शनासाठी ती तयार झाली. पुढे २०१९ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीतील ‘इको-व्हिजनरीज’ प्रदर्शनातही ती मांडली गेली. हेल्गार्ड हाउग, श्टेफान केगी आणि डानिएल वेट्झेल हे या समूहाचे प्रमुख. व्यावसायिक नटांऐवजी प्रत्यक्ष जाणकारांना बोलते करणे ही त्यांची जुनी रीत.

मोजके प्रेक्षक हेडफोन लावून अंधारात एका काचेसमोर बसतात. काचेत प्रथम स्वतःचेच प्रतिबिंब दिसते. प्रकाश बदलतो तशी मागची टाकी उजळते आणि तिच्यात जिवंत जेलीफिश तरंगताना दिसतात. नंतर टाकीपलीकडे बसलेले, आपल्याकडेच पाहणारे दुसरे प्रेक्षक दिसू लागतात. कानातल्या माहितीपेक्षा दिव्यांची ही अदलाबदल अधिक खोल जाते. निरीक्षण करायला आलेला माणूसच येथे निरीक्षणाचा विषय होतो, आणि कलाकृतीचे खरे बळ यातच आहे.

पण माणसासमोर जेलीफिशच का? तिला मेंदू, हृदय, हाडे नाहीत. शरीराचा सुमारे ९५ टक्के भाग पाणी. तरीही ५० कोटींहून अधिक वर्षे हा प्राणी टिकून आहे. अनेक जाती कमी प्राणवायूच्या पाण्यात तग धरतात. अतिमासेमारीमुळे त्यांचे शत्रू आणि अन्नातले वाटेकरी दोन्ही घटतात, तर धक्के व बंदरांच्या बांधकामांवर त्यांच्या पॉलिप या सुरुवातीच्या अवस्थेला चिकटायला जागा मिळते. एकाच पॉलिपपासून चकत्या सुटाव्यात तशी अनेक पिल्ले सुटतात. त्यांच्या थव्यांचा फटका माणसालाही बसतो: स्वीडनमधील ओस्कार्सहाम्न अणुवीज केंद्राची एक अणुभट्टी २०१३ मध्ये शीतकरणाच्या पाण्याच्या मार्गात जेलीफिश अडकल्याने बंद ठेवावी लागली होती.

तापलेल्या समुद्रात जेलीफिश जिंकतील, ही कलाकृतीची मांडणी मात्र सरसकट स्वीकारता येत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात त्यांच्या संख्येत सुमारे २० वर्षांचे चढउतार आढळले. सर्वत्र सतत वाढ होत असल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. स्थानिक चित्र वेगळे असू शकते. नामिबियाच्या किनाऱ्यालगत सार्डिनचे साठे अतिमासेमारीने कोसळल्यानंतर, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, जेलीफिशचे एकूण वजन सुमारे १२२ लाख टन, तर माशांचे ३६ लाख टन होते.