लिव्हरपूलच्या तळघरांतलं पाणी

लिव्हरपूलच्या एका तळघरात बिछान्याखाली चार फूट खोल खड्डा होता. शेजारच्या, घरांनी वेढलेल्या चौकातल्या संडासांची घाण भिंतीतून पाझरून आत येई, ती एका जागी साठावी म्हणून तो खणलेला. वर त्या घरचं कुटुंब झोपे. लेस स्ट्रीटवरच्या आणखी एका तळघरात असलंच पाणी दोन फूट चढल्याचं लोकांनी डॉ. विल्यम हेन्री डंकन यांना सांगितलं. डंकन लिव्हरपूलचेच. एडिनबरोला वैद्यकी शिकून ते गावी परतले आणि गरिबांच्या दवाखान्यात रुग्ण तपासू लागले. १८४३ साली शहरातल्या विद्वानांच्या सभेपुढे त्यांनी ही सगळी हकिकत मांडली.

गोदीच्या कामासाठी माणसं लोटत होती आणि घरं अपुरी होती. विटांच्या घरांखालची तळघरं खरं तर कोळसा आणि अडगळ ठेवायची. तीच भाड्यानं जाऊ लागली. खोली दहा-बारा फूट लांब-रुंद, उंची कधी कधी सहा फुटांहूनही कमी. बहुतेक ठिकाणी फरशी, पण बऱ्याच ठिकाणी नुसती माती. खिडकी अनेकदा नसेच. उजेड आणि वारा यायचा तो दारातून, आणि त्या दाराची वरची चौकटही अनेकदा रस्त्याच्या पातळीपेक्षा उंच नसे. मागे आणखी एक कोठडी असली तर ती झोपायची, आणि तिला बाहेरची हवाच नाही.

नगरपालिकेच्या पाहणीत रस्त्याकडच्या अशा ६,२९४ तळघरांत २०,१६८ माणसं राहताना आढळली. चौकांतली तळघरं यात धरलेली नव्हती. मँचेस्टरची गतही निराळी नव्हती. नदीकाठच्या एका तळघरात तळाचं भोक मातीनं बुजवलेलं असूनही पाणी वर येत राही आणि तिथला हातमागवाला रोज सकाळी ते उपसून रस्त्यावर ओतत असे, असं एंगेल्सनं १८४५ च्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे.

पाणी आत येत होतं ते दोन वाटांनी. एक वाट विटेची. वीट आणि चुना दोन्ही सच्छिद्र; जमिनीतली ओल त्यांच्या बारीक छिद्रांतून वर चढते, भिंत सुकताना क्षार मागे राहतात आणि लोणा धरतो. दुसरी वाट दाबाची. जमिनीतल्या पाण्याची पातळी तळघराच्या फरशीहून वर असली की पाणी सांध्यासांध्यांतून आत ढकललं जातं. लिव्हरपूलमध्ये तांबड्या वालुकाश्मावर बऱ्याच भागांत चिकणमातीचा थर आहे. त्यात पाणी मुरत नाही, साचून राहतं. त्यात चौकाचौकांत संडासांचे खड्डे. कामगारवस्तीतल्या सुमारे वीस मैल रस्त्यांपैकी जेमतेम चार मैलांखाली गटार होतं. अशा ठिकाणी भाडेकरूनं कितीही उपसलं तरी शेजारच्या खड्ड्यातलं पाणी पुन्हा त्याच्याच घरात येणार. तरीही घाणीचा दोष त्या माणसांच्या सवयींवर ढकलणारे तेव्हा पुष्कळ होते. डंकन यांचं मोठेपण असं की त्यांनी गटारांची लांबी मोजून दाखवली.

रोग दुर्गंधीनं पसरतात, अशी त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांप्रमाणे त्यांचीही समजूत होती. ती चुकीची ठरली. मैलापाणी घरापासून दूर न्या, हा उपाय मात्र अचूक होता.

१८४२ च्या स्थानिक कायद्यानं चौकांतल्या तळघरांत राहण्याला बंदी घातली. १ जानेवारी १८४७ रोजी डंकन शहराचे आरोग्याधिकारी झाले. ब्रिटनमधलं असं हे पहिलंच पद. आणि त्याच वर्षी आयर्लंडमधल्या बटाट्याच्या दुष्काळातून जीव वाचवून निघालेली सुमारे तीन लाख माणसं लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरली. बरीच पुढे अमेरिकेला गेली. ज्यांच्याकडे जहाजाच्या भाड्याला पैसे नव्हते ती मागे राहिली. बंद केलेली तळघरं पुन्हा उघडली गेली. प्रलापक ज्वराची साथ भडकली. रुग्णांची सेवा करणारे दहा कॅथलिक पाद्रीही तिच्यात दगावले. पुढे तळघरं पुन्हा रिकामी करण्यात आली, पण बाहेर काढलेल्यांना दुसरं घर कुणी दिलं नाही. ती माणसं वरच्या मजल्यांवरच्या आधीच भरलेल्या खोल्यांत दाटीनं शिरली. कायद्याचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. त्याची किंमत मात्र ज्यांच्यासाठी तो केला त्यांनीच मोजली. इंग्लंडमधली नगरपालिकेनं बांधलेली पहिली घरं, सेंट मार्टिन्स कॉटेजेस, लिव्हरपूलमध्येच उभी राहिली. पण १८६९ मध्ये.

तळघरांना खरा आधार दिला तो जेम्स न्यूलँड्स या अभियंत्यानं. डंकन यांच्याबरोबरच नेमणूक झालेल्या न्यूलँड्सनी आधी कुदळ उचलली नाही. शहराचे चढउतार मोजण्यासाठी त्यांनी सुमारे तीन हजार निरीक्षणं घेतली आणि एका इंचाला वीस फूट एवढा तपशीलवार नकाशा तयार केला. पाणी कुठून कुठे उतरतं हे कळल्याशिवाय गटार टाकायचं कसं? १८४८ पासून अकरा वर्षांत ८६ मैलांची नवी भुयारी गटारं झाली. त्यांचा आकार अंड्यासारखा, निमुळती बाजू खाली. पाणी थोडं असलं तरी वेग टिकतो आणि गाळ बसत नाही.

घर बांधायची रीत बदलायला आणखी बराच काळ गेला. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यापाठोपाठ १८७७ मध्ये नमुना उपविधी निघाले आणि नव्या घराच्या भिंतीत जमिनीच्या जरा वर पाणी न शोषणारा आडवा थर घालण्याचा नियम गावोगाव पोचला. कुठे स्लेटच्या पाट्या, कुठे डांबर, कुठे शिशाचा पत्रा. महाराष्ट्रात आज जोतं झालं की गवंडी ज्याला नुसतं ‘डीपीसी’ म्हणतो, तो हाच थर. मात्र त्यानं चढणारी ओल अडते, दाबानं घुसणारं पाणी नाही. म्हणून तळघराच्या बाहेरच्या अंगाला मोकळा चर ठेवायचा किंवा भिंत आणि फरशी मिळून अखंड डांबरी लेप द्यायचा, हे वेगळे उपाय करावे लागत.

पुढे कारखान्यांनी वालुकाश्मातलं पाणी विहिरींतून इतकं उपसलं की शहराखालची पातळी खूप खाली गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते कारखाने बंद पडले, उपसा थांबला आणि पाणी पुन्हा वर येऊ लागलं. १८८६ मध्ये मर्सी नदीखालून सुरू झालेल्या रेल्वेच्या बोगद्यातलं पाणी तर पहिल्या दिवसापासून उपसावं लागतं. तिथले पंप आजही चालू आहेत.