दोनशे डॉलरची आणि नऊशे डॉलरची

मागच्या भागात मी ओझरतं बोलून गेलो की इथे उत्तर मिनेसोटात मी एक जुनी स्नोमोबाईल घेतली, आणि पहिल्याच हिवाळ्यात ती तळ्याच्या मधोमध बंद पडली. त्यावर इतके मेसेज आले की म्हटलं, हा अख्खा भाग त्यावरच करू. ऑडिओ आहेच. लोकलमध्ये ज्यांचं नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी हे लिहून.

गुलमर्गला जाऊन आलेल्यांनी हे वाहन पाहिलं असेल, तिथे त्याला स्नो बाईक नाहीतर स्नो स्कूटर म्हणतात. पुढे दोन स्की, मागे फिरणारा रुंद रबरी ट्रॅक, मधे इंजिन. इथे ती मजेसाठी वापरतात तशीच गोठलेल्या तळ्यावर मासेमारीला जायलाही वापरतात. नवीन घ्यायची तर चांगल्या कारएवढे पैसे. म्हणून मी जुनी शोधत होतो.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये दोन उभ्या होत्या. एक १९७१ ची, दिसायला इतकी देखणी की बघत राहावं. किंमत दोनशे डॉलर. दुसरी नव्वदच्या दशकातली, सीट फाटलेली, हुडला चिकटपट्टी. नऊशे डॉलर. माझा हात अर्थातच पहिलीकडे गेला. आजोबा म्हणाले, "ती घेऊ नकोस. तिची कंपनी तुझ्या जन्माआधी मेलीय."

का मेली? म्हणजे एवढ्या सुंदर मशीनची किंमत भंगाराएवढी का? हे समजून घ्यायचं तर शंभर वर्षं मागे, कॅनडातल्या क्वेबेकमध्ये जावं लागेल.

व्हालकूर नावाचं गाव. तिथे १९०७ साली जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए जन्मला. पोरगा सतत काहीतरी उघडून बसायचा, म्हणून वडिलांनी त्याला एक मोडकी फोर्ड मॉडेल-टी दिली. ३१ डिसेंबर १९२२ ला, पंधरा वर्षांचा असताना, त्याने आणि त्याच्या भावाने त्या फोर्डचं इंजिन एका घसरगाडीवर बसवलं, मागे विमानासारखा पंखा लावला आणि गावातून गाडी पळवली. पंखा उघडाच होता. वडिलांनी ते बघितलं आणि लगेच सगळं सुटं करायला लावलं. आपल्याकडच्या कुठल्याही वडिलांनी हेच केलं असतं.

पण त्याच्या डोक्यातून बर्फ जाईना. त्या काळी क्वेबेकमध्ये बर्फ पडलं की गावं कित्येक आठवडे तुटायची. गाड्या ठोकळ्यांवर चढवून ठेवायच्या आणि घोडागाडीवर यायचं. बोंबार्डिएने गॅरेज काढलं, आणि हिवाळ्यात तिथे बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग सुरू केले.

१९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हाँ आजारी पडला. अपेंडिक्स, आणि त्यातून पोटात पसरलेला संसर्ग. हॉस्पिटल होतं शेरब्रुकला, साधारण पन्नास किलोमीटरवर. रस्ते बर्फाखाली. गॅरेजमध्ये प्रयोगातली गाडी होती, पण ती चालण्याच्या अवस्थेत नव्हती. मुलगा गेला.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पानच उलटलं. कंपन्यांच्या इतिहासात अशा हृदयस्पर्शी गोष्टी असतातच, असं वाटलं. तिच्याकडे मी पुढे परत येणार आहे.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९३५ ला, त्याला हवं ते सापडलं: रबर चढवलेलं दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा ट्रॅक. भुसभुशीत बर्फात चाक रुततं, कारण सगळं वजन एवढ्याशा जागेवर येतं. ट्रॅक ते वजन पसरवतो. १९३७ मध्ये पेटंट मिळालं. त्यावर सात माणसांची बी-७ आली, मग बारा माणसांची बी-१२. या आपल्या डोळ्यांसमोरच्या स्नोमोबाईल नव्हेत हं. बंद डब्याच्या, गोल खिडक्यांच्या, बर्फावरच्या मिनीबसच म्हणा. त्यातून डॉक्टर जायचे, टपाल जायचं, मुलं शाळेत जायची.

मग १९४८ मध्ये क्वेबेक सरकारने ग्रामीण रस्त्यांवरचंही बर्फ हटवायचं ठरवलं. लोकांसाठी केवढी चांगली गोष्ट! आणि बोंबार्डिएचं गिऱ्हाईक एका निर्णयात निम्म्यावर. ज्या अडचणीवर त्याने आयुष्य घातलं होतं, ती अडचणच सरकारने उचलून नेली.

लहान, एकट्यादुकट्याची गाडी करायची त्याची जुनी इच्छा होती, पण तेवढं हलकं इंजिन मिळत नव्हतं. पन्नासच्या दशकाच्या शेवटी ते मिळालं. त्याच्या थोरल्या मुलाने, जेर्मेनने, सलग रबराचा ट्रॅक तयार केला. आणि १९५९ मध्ये स्की-डू बाजारात आली. नाव खरं तर 'स्की-डॉग' ठेवायचं होतं म्हणतात, बर्फावरच्या कुत्र्यांच्या गाडीची जागा घेणारी म्हणून. तिकडे मिनेसोटातल्या रोझो गावात, शेतीची यंत्रं बनवणाऱ्या एका वर्कशॉपने १९५६ लाच आपली स्वतःची गाडी ठोकून काढली होती. तीच पुढची पोलारिस. तिचा एक संस्थापक एडगर हेटीन नंतर बाहेर पडला आणि त्याने जवळच्याच थीफ रिव्हर फॉल्समध्ये दुसरी कंपनी काढली, आर्क्टिक कॅट.

बोंबार्डिए १९६४ मध्ये गेला, छप्पन्न वर्षांचा होऊन. त्यानंतर जे झालं ते त्याने पाहिलं नाही. साठच्या दशकाच्या शेवटी उत्तर अमेरिकेला या गाडीचं वेड लागलं. १९७१ च्या आसपास वर्षाला जवळजवळ पाच लाख गाड्या विकल्या जात होत्या, आणि बनवणाऱ्या कंपन्या शंभरावर. कोण कोण उतरलं होतं बघा: हार्ली-डेव्हिडसन, जॉन डिअर, मॅसी फर्ग्युसन. गावाकडे ट्रॅक्टरवर वाचलेली नावं इथे बर्फावर! खूप जण दुसऱ्याचं इंजिन, तिसऱ्याचा क्लच आणायचे आणि वर आपला हुड बसवायचे.

१९७३ ला तेलाचं संकट आलं, पाठोपाठ मंदी. काही हिवाळ्यांत बर्फच कमी पडलं. आवाजाचे आणि सुरक्षिततेचे नियम कडक झाले. ऐंशी सालानंतर विक्री पूर्वीच्या चौथाईवरही राहिली नाही. आर्क्टिक कॅट दिवाळखोरीत गेली आणि नंतर पुन्हा उभी राहिली. नावाजलेल्या चारच उरल्या: स्की-डू, पोलारिस, आर्क्टिक कॅट आणि यामाहा. त्यातल्या यामाहानेही २०२३ मध्ये हा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं.

आता कळलं ना, ती दोनशे डॉलरची का? इंजिनाचे भाग कुठेतरी मिळून जातील. पण तिचा ट्रॅक ज्या मापाचा, ते माप कुणी बनवत नाही. जुनी गाडी घेताना आपण तिच्यामागे उरलेलं दुकान विकत घेत असतो. मी फाटक्या सीटची घेतली. कंपनी सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात तिचा दोष नव्हता.

घेताना आजोबांनीच मला शिकवलं. इंजिनावर हात ठेव, गार हवं. विकणाऱ्याने आधीच चालू करून गरम केलं असेल तर समज, थंडीत चालू व्हायला त्रास देते. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोज, दोन्हींत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. मागची बाजू उचलून ट्रॅक हाताने फिरव, चिरा बघ. बॉडीवर ठोकलेला नंबर कागदाशी जुळव. आणि एअरबॉक्स उघड. मी उघडला. उंदराचं घरटं होतं. पन्नास डॉलर कमी झाले.

मराठी माणसाला हे मशीन परकं वाटायचं कारण नाही, खरंच. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे बाबांच्या चेतकचं भावंड. सकाळी तिरकी करून मग किक मारायचो ना, तीच. आणि गिअर? गिअर नाहीतच. एकमेकांसमोर दोन उतरत्या तबकड्या, त्यांच्यात बेल्ट. वेग वाढला की तबकड्या जवळ येतात, बेल्ट वर सरकतो. १९८४ साली पुण्याच्या फिरोदियांनी होंडाबरोबर आणलेली कायनेटिक होंडा आठवते? टू-स्ट्रोक, बेल्ट, बिनगिअरची. बर्फावर स्कीवर उभी केलेली कायनेटिक होंडाच समजा. हा बेल्ट झिजतो. नव्या बेल्टपेक्षा रुंदी तीन मिलिमीटरने कमी झाली की बदलायचा, आणि एक जादा हुडखाली कायम ठेवायचा.

एक गोष्ट मात्र कायनेटिकवाल्याला कळणार नाही. ट्रॅक ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो, त्यांना वंगण लागतं ते बर्फाचंच. नुसत्या टणक बर्फावर किंवा डांबरावर पळवली तर त्या पट्ट्या वितळतात. म्हणजे उणे वीस तापमानात गाडी गरम होऊन बिघडू शकते!

आणि कार्ब्युरेटर. इथेच मी खाल्ला मार.

उन्हाळाभर टाकीत पेट्रोल तसंच होतं. ते आटून चिकट थर होतो आणि जेटचं केसाएवढं भोक बुजतं. आजोबांनी बजावलं होतं, दोन्ही कार्ब्युरेटर खोल, जेट बाहेर काढ, उजेडात धरून बघ. मी काय केलं? वरून स्प्रे मारला, गाडी चालू झाली, आणि खूश झालो.

जानेवारीतला रविवार. उणे सत्तावीस. माझी पाच वर्षांची लेक मागे बसलेली. आता गंमत अशी की थंड हवा दाट असते, त्यामुळे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. माझ्या एका जेटमधून ते कमीच येत होतं. हवा जास्त, पेट्रोल कमी, मिश्रण भडक जळतं आणि पिस्टन तापत जातो. तळ्याच्या मधोमध आवाज अचानक चढला, मग बसला, मग नुसती शांतता. नंतर उघडलं तेव्हा पिस्टनला बोट जाईल एवढं भोक होतं.

किनारा पाच-सहा किलोमीटर. फोनला रेंज नाही. लेक म्हणाली, "बाबा, पाय गार पडलेत." मी तिचे बूट काढून तिचे पाय माझ्या जॅकेटच्या आत पोटाला लावून बसलो, आणि तेव्हा मला तो गॅरेजमधला माणूस आठवला. ज्याच्याकडे गाडी होती, पण जोडलेली नव्हती. ज्या पानावरून मी उलटून पुढे गेलो होतो.

सुदैवाने त्या तळ्यावर मासेमारीच्या झोपड्या असतात. चाळीसेक मिनिटांनी दोघं जण घरी परतताना दिसले. त्यांनी लेकीला आधी नेलं, मग मला, मग गाडी दोरीने ओढली. एकाने फक्त एवढंच विचारलं, "जेट साफ केले होते?" मी हो म्हणालो. खोटं बोललो, लाजेने.

या मशीनवर एक पुस्तक आहे, पेर्टी पेल्टो यांचं, १९७३ मधलं. फिनलंडच्या उत्तरेला स्कोल्ट सामी लोक रेनडिअर पाळतात, त्यांच्यात साठच्या दशकात स्नोमोबाईल आली तेव्हा काय झालं, त्याचा अभ्यास. गाडी ओढणारा रेनडिअर बर्फ उकरून आपलं खाणं आपणच शोधायचा, त्याला रोख पैसा लागत नव्हता. स्नोमोबाईलला पेट्रोल, बेल्ट, सुटे भाग, सगळ्याला रोख. काही वर्षांतच ओढणारे रेनडिअर जवळजवळ नाहीसे झाले, आणि ज्यांना गाडी घेणं व चालती ठेवणं परवडेना ते हळूहळू त्या व्यवसायातूनच बाहेर पडले. आपण 'मेंटेनन्स' हा शब्द किती सहज वापरतो. तिथे त्यावर कळप टिकणार की नाही हे ठरत होतं.

नवा पिस्टन मिळाला, चार दिवसांत घरपोच. कंपनी जिवंत असल्याचा फायदा. बसवायला मात्र मला तीन आठवडे लागले. सोबत क्रँकचे सीलही बदलले, कारण ते गळत असले तरी बाहेरची हवा आत शिरून हेच होतं.

परवा एप्रिलमध्ये गाडी ठेवून दिली. टाकी रिकामी केली, चालत्या इंजिनात संरक्षक तेल फवारलं, बेल्ट काढून आत ठेवला, मागचा भाग ठोकळ्यांवर उचलला, एअरबॉक्सच्या तोंडाला जाळी लावली उंदरांसाठी. जेट काढायचं काम जेवणाच्या टेबलावर केलं. लेक टॉर्च धरून बसली होती. एकेक जेट ती डोळ्याला लावून उजेडाकडे बघायची आणि सांगायची, "दिसतंय." चौथ्याला म्हणाली, "बाबा, यातून नाही दिसत." मी परत साफ केला. दोनदा.

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्याकडे कायनेटिक होंडा अजून चालू असेल तर तिचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला लावतो.