पेव आणि मुरघास

जळगावच्या पश्चिमेचे पिंप्राळा आता महापालिकेच्या हद्दीत सामावून गेले असले, तरी आषाढी एकादशीच्या विठ्ठलरथाने त्याचे ग्रामपण अद्याप राखले आहे. ज्या पूर्व खानदेशात ते मोडत असे, त्या मुलखाचा इतिहास बहुधा कापसाच्या गाठींवरून आणि केळीच्या वाघिणींवरून सांगितला जातो. तो गाईम्हशींच्या गव्हाणीपाशी उभे राहून पाहिला, तर निराळीच संगती लागते, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

1860 च्या सुमारास या मुलखात लोहमार्ग आला, पाठोपाठ अमेरिकेतील यादवीने कापसाचे भाव चढविले आणि पुढे जिनांच्या व तेलगिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या, तेव्हा सरकीला ढेपेचे रूप मिळाले. डाळीच्या गिरण्यांनी चुनी दिली. ज्वारीचा कडबा आणि तुरीचे कुटार तर पूर्वापार होतेच. माणसाच्या अन्नवस्त्रातून जे उरे, त्याला नाव होते, भाव होता आणि आडत्याच्या वहीत स्वतंत्र रकाना होता. मात्र हे सारे उरलेले कोरडे होते. ओल्या अवशेषाला हा मान कधी लाभला नाही, कारण तो दोन दिवसांत आंबून नासतो, आणि नासणाऱ्या मालाला बाजार उभे करीत नाही.

रावेर-यावलच्या काळ्या जमिनीत केळीचा विस्तार झाल्यावर हा ओला अवशेष अफाट वाढला. केळ एकदाच घड देते. घड उतरला की उभे खोड, ज्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, बांधावर पडते. त्यात कारखान्यांचीही भर पडली. 1978 साली उद्योजक भवरलाल जैन यांनी जळगावातील केळीच्या भुकटीचा जुना कारखाना घेऊन तेथे पपईच्या चिकापासून पपेन काढण्यास आरंभ केला, आणि पुढे याच परिसरात आंब्याचा गर काढणारे मोठे कारखाने आले. आंब्याच्या वजनाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग साल आणि कोय म्हणून मागे राहतो, हे ध्यानी घेतले म्हणजे कारखान्याच्या मागील दाराशी काय साचत असेल, याची कल्पना येते.

हा ओला ढीग नासू न देता टिकवायचा कसा, असा प्रश्न पडला की मला पेवाची आठवण होते. जमिनीत खोल खणलेल्या पेवात ज्वारी भरून तोंड लिंपले, की आतला प्राणवायू दाण्याच्याच श्वासाने सरतो. तेथे किडा जगत नाही, एवढे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. हिरवा चारा असाच निर्वात दाबून मुरविण्याची विद्या मात्र ऑगस्ट गोफार या फ्रेंच शेतकऱ्याच्या 1877 च्या ग्रंथाने जगभर गेली, आणि मुख्यतः चारा टिकविण्याच्या पद्धतीबद्दल फिनलंडच्या विर्तानेन यांस 1945 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेव जाणणाऱ्या लोकांनी मुरघास का केला नाही? माझ्या मते, कडब्याची गंजी उघड्यावरही वर्षभर टिकत असल्याने त्यांना तशी निकडच भासली नाही.

हीच विद्या आंब्याच्या अवशेषालाही लावता येते. आंब्याच्या सालीत साखर भरपूर असल्याने दुग्धाम्ल निर्माण करणाऱ्या जंतूंना ती उत्तम खाद्य ठरते. परंतु तिच्यात चार-पंचमांशाच्या आसपास पाणी असल्याने एकटी साल खड्ड्यात दाबली तर रस पाझरून जातो आणि मुरघास बिघडतो. म्हणून तीत कडब्याची कुट्टी किंवा गव्हाचा भुसा मिसळावा लागतो, जनावराच्या घशात अडकू नयेत म्हणून कोया वेचून काढाव्या लागतात, आणि थरावर थर तुडवून वरून प्लास्टिकचा कागद ताणून माती लोटावी लागते. सुमारे दीड महिन्यात आंबूस वासाचा मुरघास तयार होतो. त्यात प्रथिने थोडी, म्हणून ढेप सुटत नाही. आणि एकदम पोटभर घातला तर जनावराला अपचन होते, म्हणून सवय हळूहळू लावावी लागते.

अलीकडे फळांचा हा अवशेष जैववायूच्या संयंत्रातही जातो, आणि ओझे ओले असल्याने दूरच्या गोठ्यापर्यंत नेण्याचे भाडे मालापेक्षा जड होते. म्हणूनच पिंप्राळ्यासारख्या, कारखान्यांच्या शेजारच्या गावांचा हक्क मला पहिला वाटतो. आंब्याचा हंगाम भरात येतो तो वैशाख-ज्येष्ठात, नेमक्या त्याच दिवसांत कडब्याची गंजी तळाला लागलेली असते. ज्येष्ठाच्या आरंभी भरलेला खड्डा विठ्ठलाचा रथ फिरून गेल्यावर उघडता येतो, आणि तेव्हा शिवारातले गवत अजून बोटभरच असते.