हिशेबात सापडलेली माणसे

पुण्याच्या पेशवे दफ्तरातला रुमाल सोडला की आधी जुन्या कापडाचा वास येतो. मग पुडक्याची दोरी सुटते, आणि मोडीतला कागद उलगडताना घडीतून कधी कधी चिमूटभर वाळू सांडते. बोरूची ओली शाई टिपावी म्हणून दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने ती टाकलेली असते. त्या कारकुनाचे नाव बहुधा कागदावर नसते. ज्याच्या हातून सगळे दफ्तर लिहिले गेले, तोच त्यात नाही. व्यक्तीचे आयुष्य कागदावर कसे उरते, याचा विचार मला या वाळूपासून सुरू करावासा वाटतो.

दफ्तर म्हणजे समाजाची आठवण, असे आपण सहज म्हणतो. ते फसवे आहे. आठवण ठेवण्यासाठी कागद क्वचितच लिहिला जातो. तो लिहिला जातो देण्याघेण्यासाठी, हक्कासाठी, हुकमासाठी, नाहीतर निरोपासाठी, आणि माणूस त्यात ओघाने येतो. म्हणून कोणत्याही कागदाला तीन वेगवेगळे प्रश्न विचारावे लागतात: तो लिहिला का, जपला का, आणि पुढे निवडून छापला का. तिन्ही वेळी निर्णय घेणारे लोक वेगळे असतात, त्यांची गरजही वेगळी असते. उरलेल्या व्यक्तीचा आकार या तीन गरजांनी ठरतो. तिच्या कर्तृत्वाचा त्यातला वाटा आपण समजतो त्याहून बराच कमी असतो.

पेशवे दफ्तराचेच पाहा. १८१८ मध्ये राज्य गेले, तरी कागद राहिले. नव्या सरकारला मराठ्यांच्या इतिहासाचा उमाळा आला होता असे नव्हे. इनामे, वतने, सरंजाम यांतले खरे किती आणि बनावट किती, हे तपासल्याशिवाय जमीनमहसूल नक्की होत नव्हता. इनाम कमिशनने १८५२ च्या कायद्याच्या आधाराने दाव्यांची जी छाननी केली, तिचा पुरावा या रुमालांत होता. सारा वाढवण्यासाठी जपलेला कागद पुढे इतिहासाचे साधन ठरला. त्यामुळे इनामदाराच्या चार पिढ्या आपल्याला नावानिशी सापडतात. बटीक मात्र भेटते ती खरेदीची रक्कम, फार तर एखादे नाव, आणि तिला कुठल्या कामावर लावले त्याची नोंद, एवढ्यापुरती. तिचे दुःख नोंदवणे हे कुणाचे कामच नव्हते. तरीही ती रक्कम लिहिली गेली म्हणून ती बाई होती एवढे तरी ठामपणे म्हणता येते.

त्यानंतर येते निवड. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात या दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. रियासतकारांच्या कामाचा उरक आजही थक्क करतो. पण हजारो रुमालांतून ४५ खंड काढायचे तर बाकीचे बाजूला ठेवणे आलेच, आणि झुकते माप मोहिमांना, तहांना, दरबाराला मिळाले. अभ्यासकांच्या पुढच्या पिढ्यांपैकी अनेकांना मोडी वाचता येत नव्हती. त्यांच्यापुरते छापलेले तेवढेच दफ्तर झाले. मोडी शिकण्याची तसदी आपण घेतली नाही, याचा दोष रियासतकारांवर टाकणे बरोबर नाही.

संपादनातली खरी मेख तारखेत असते. सरकारी कागदावर ‘छ’ लिहून मुसलमानी महिन्याचा चंद्र आणि पुढे शुहूर सन असतो: ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७२. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. हे गणित पाठ होते. खासगी पत्राची गोष्ट निराळी. त्यावर अनेकदा ‘ज्येष्ठ वद्य ५’ एवढेच असते. साल लिहायची गरज नव्हती, कारण ज्याला पत्र मिळायचे त्याला कोणते साल चालू आहे हे ठाऊक होते. संपादकाला ते शोधावे लागते. पत्रात कोण हयात आहे, मुक्काम कुठे आहे, ग्रहणाचा उल्लेख आहे का, धान्याची धारण काय लिहिली आहे, अशा खुणा जुळवाव्या लागतात. एक वर्ष चुकले की एकच माणूस एकाच तिथीला दोन छावण्यांत उभा दिसतो, किंवा मेल्यावर पत्र लिहितो. कागद जागच्या जागी असतो, पण साल लावेपर्यंत त्यातला माणूस आयुष्याच्या क्रमात बसत नाही.

म्हणूनच वि. का. राजवाडे कागद जसाच्या तसा छापण्याबद्दल इतके कडक होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. कागद मिळवायचे म्हणजे गावोगाव पायपीट करायची, वाड्यांच्या माळ्यांवर चढायचे, आणि वतनाचा दावा बुडेल या भीतीने दप्तर न दाखवणाऱ्या मालकाची मनधरणी करायची. ती भीती खुळी नव्हती. इनाम कमिशनची आठवण त्या घरांत ताजी होती. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, तेव्हा घरोघरच्या कागदांना सरकारी नसलेले एक घर मिळाले.

सरकारी दफ्तराबाहेरही हाच नियम चालतो. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशासाठी केलेला अर्ज आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात वाचायला मिळतो. त्यांचा प्रसूतिशास्त्रावरचा प्रबंधही तिथेच आहे. त्या महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थिनींचे कागद ठेवले, म्हणून एकविसाव्या वर्षी वारलेली कल्याणची मुलगी स्वतःच्या अक्षरात उरली. १८८८ मध्ये कॅरोलाइन डॅल यांनी इंग्रजीत त्यांचे चरित्र लिहिले. पाठोपाठ काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिले आणि त्यात पत्रेही दिली. पुढे १९६८ मध्ये श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आली, आणि आज मराठी घरांत आनंदीबाई म्हणून जी ओळखीची आहे ती बहुतांशी कादंबरीतली. कादंबरीबद्दल तक्रार नाही. पण तिथे पती गोपाळरावांचा विक्षिप्तपणा सगळी जागा व्यापतो आणि पत्र लिहिणारी बाई मागे सरते. मीरा कोसंबी यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात पुन्हा पत्रांकडे जाऊन जे काम केले, त्याचे मोल इथे आहे. त्यांचे ते पुस्तक त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले.

याच्या नेमके उलट उदाहरण ताराबाई शिंदे यांचे. ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये त्याची बाजू घेतली, आणि नंतर पुस्तक जवळजवळ नाहीसे झाले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले तेव्हा नव्वदहून अधिक वर्षे उलटली होती. ताराबाई ना कुठल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी होत्या, ना कुणाच्या नियमित पत्रव्यवहारात. त्यामुळे पुस्तकातला आवाज खणखणीत आहे, पण त्याभोवती चरित्र म्हणावे असे फारसे काही नाही. बुलढाण्याचे घर, सत्यशोधक विचारांचे वडील, अशा चार-दोन नोंदींवर काम भागवावे लागते. इथे कृती वाचली आणि व्यक्ती पुसट झाली. बहिणाबाई चौधरी यांचे तर अक्षरच नव्हते. मुलगा सोपानदेव यांनी आणि घरच्यांनी टिपलेल्या गाण्यांतून, १९५२ मध्ये म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्या छापील झाल्या. ओवी जात्यावर म्हणताना कशी बदलत असेल, हे कागद सांगत नाही. टिपणाऱ्याच्या कानावर पडली ती एकच आवृत्ती आज संहिता म्हणून उभी आहे.

आणि संहिता तरी कधी कधी संपादकाच्या टेबलावरच आकार घेते. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेल्या बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या खंडांत वसंत मून यांना अपुरे टंकलिखित मसुदे आणि दुरुस्त्यांनी भरलेली पाने लावून घ्यावी लागली. १९८७ चा चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, अशाच प्रकरणांचा बांधलेला आहे. राम आणि कृष्ण यांच्यावरच्या परिशिष्टावरून वादळ उठले. प्रकरणांचा क्रम कुणी लावला हा प्रश्न मात्र त्या गदारोळात फारसा कुणी विचारला नाही.

फिलाडेल्फियाच्या त्याच संग्रहात १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र आहे. शेजारी शेजारी तीन विद्यार्थिनी, आपापल्या देशाच्या पोशाखात: लुगड्यात आनंदीबाई, जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबूली. तिघींना एकच कॅमेरा, एकच उजेड, एकच दिवस मिळाला. आनंदीबाईंवर चरित्रे, नाटक, चित्रपट. ओकामींचे टोकियोतले डॉक्टरकीचे काम नोंदलेले आहे. इस्लांबूली शिकून मायदेशी परतल्या, महाविद्यालयाशी त्यांचा संपर्क सुटला, आणि त्यांचे कागद त्या छायाचित्राच्या आसपासच विरळ होत जातात.